विमानाला दसऱ्याचा रंग

मी विमानं दुरुस्त करते असं सांगितलं की आमच्या सिंदेवाहीचे लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग आभाळाकडे. त्यांच्या डोळ्यांसमोर दोनशे माणसं पोटात घेऊन जाणारं धूड असतं. माझी विमानं दोन माणसांची, नाकावर एक पंखा असलेली, वजनाला गावच्या ट्रॅक्टरपेक्षा हलकी. चंद्रपूरजवळ एका छोट्या धावपट्टीवर मुलामुलींना उडायला शिकवतात. ती ज्यांत शिकतात त्या तीन विमानांची देखभाल माझ्याकडे आहे, आणि विमान उडायला ठीक आहे अशी सही मीच करते. माझी काकू हे सगळं नीट ऐकून घेते, मान डोलावते आणि म्हणते, "बरं झालं आली तू. माहा मिक्सर फिरून नाई राह्यला."

स्वभावाने मी घाईची. यंत्रात दोष कुठे आहे हे सापडायच्या आधी दोष कुणाचा आहे हे मला सापडतं. माझी आई म्हणते, ही सवय मी तिच्या सासूकडून उचलली. कुठूनही उचललेली असो, पुढे जे सांगणार आहे त्यात मी फारशी चांगली दिसत नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

आमच्या घरी दसऱ्याच्या आधी दोन-तीन दिवस वडील ट्रॅक्टर धुवायचे, घासायचे आणि रंगाचा डबा उघडायचे. जिथे रंग उडाला असेल तिथे नवा, आणि जिथे उडाला नसेल तिथेही थोडा. ट्रॅक्टर झाला की वखर, वखर झाला की फवारणीचा पंप. पूजेला बसणारी वस्तू जुनी दिसता कामा नये, अशी त्यांची समजूत होती. दसरा झाला की आमचा ट्रॅक्टर दरवर्षी हटकून चालू व्हायचा नाही. अख्खं घर मिळून तो ढकलायचं. वडील म्हणायचे, सुटी खाऊन सुस्तावला. आम्हाला ते पटायचं, कारण आम्हीही सुस्तावलेलो असायचो.

तर त्या वर्षी दसरा जवळ आला तसा माझा हात शिवशिवायला लागला. हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, रंगाचा डबा होता, सुटीत उड्डाणं बंद असल्याने वेळ होता, आणि तीनपैकी एका विमानाचे, इंजिन धरून ठेवणाऱ्या सांगाड्याचे पाइप कळकट दिसत होते. घुग्घुसकडून येणारी कोळशाची धूळ आमच्याकडे सगळ्यांवर सारखीच बसते. मी आवरण उघडलं, वाटेत येणाऱ्या पट्ट्या आणि बोल्ट सोडवले, घासलं, पुसलं, दोन हात रंग दिला आणि वाळल्यावर सगळं होतं तिथे परत आवळलं. कुणी सांगितलं नव्हतं. पण काम इतकं देखणं झालं की मी त्याचा फोटो काढून वडिलांना पाठवला. त्यांनी उलटा अंगठा पाठवला, मग फोन करून सांगितलं की चुकून उलटा गेला.

दसऱ्याला पूजा झाली. पंख्याला झेंडूचा हार, नाकावर हळदकुंकू, चाकाशी लिंबू. साहेबांनी, म्हणजे आमची ही शाळा चालवणाऱ्या जुन्या वैमानिकाने, नारळ विमानापासून चांगली पंधरा पावलं लांब नेऊन फोडला, कारण मागच्या वर्षी करवंटीचा तुकडा काचेवर उडाला होता.

आता भाऊंबद्दल सांगायला हवं. भाऊ शेजारच्या गावचे, साठीकडे झुकलेले, घरी थोडं धान आणि थोडा कापूस. आम्ही पोचायच्या आधी, उजाडताच ते येत आणि विमानं धूत. बादली, मऊ फडकं, साबणाचं पाणी. विमानाला ते "ती" म्हणत. बैल धुताना माणूस जसा बोलतो तसे तिच्याशी बोलतात, असं पहारेकऱ्याने मला सांगितलं होतं. त्यांच्या गावात ते विमान धुणारे म्हणून ओळखले जात. लग्नाच्या पंगतीत या कामामुळे त्यांना पहिल्या रांगेत बसवत, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं, जरा लाजत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी हळदकुंकू धुऊन काढलं. त्यानंतर सुटीनंतरचं पहिलं उड्डाण झालं आणि वीस मिनिटांत विमान परत आलं. शिकवणारा वैमानिक खाली उतरून म्हणाला, वीज कमी असल्याचा दिवा लुकलुकतोय आणि चार्जिंगची सुई थरथरतेय.

इथे आईला वर्षातून चार वेळा सांगते ते तुम्हालाही सांगते. इंजिन फिरतं तेव्हा त्याला जोडलेला अल्टरनेटर वीज तयार करतो. त्या विजेवर बॅटरी भरते, रेडिओ चालतो, दिवे लागतात. अल्टरनेटर बंद पडला म्हणून विमान खाली पडत नाही. इंजिनाच्या ठिणगीची सोय वेगळी असते. पण बॅटरी संपली की रेडिओ मुका होतो, आणि मुक्या विमानात शिकाऊ पोराला बसवत नाहीत. म्हणजे विमान जमिनीवर.

मी आवरण उघडलं. खालच्या खोलगट भागात पाणी साचलं होतं आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. मला आणखी काय पाहिजे होतं? सुटीआधी विमान ठीक, आज सकाळी धुतलं, आज बिघडलं. सगळ्यांसमोर, पुरत्या आत्मविश्वासाने मी जाहीर केलं, "अल्टरनेटरमध्ये पाणी गेलंय. धुताना गेलंय."

भाऊ तिथेच उभे होते, हातात रिकामी बादली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बादलीकडे. साहेब म्हणाले, "भाऊ, उद्यापासून विमानाला हात लावायचा नाही. तुम्ही धावपट्टीवर येणारी गुरं हाका. पुढचं दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर बघू याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. भाऊंनाही कळला. त्यांनी बादली नळाखाली उपडी ठेवली, फडकं पिळून वाळत घातलं आणि ते गेले.

मी अल्टरनेटर बदलला. जमिनीवर इंजिन चालवून पाहिलं, सुई जागची हलली नाही. मी सही केली. विमान वर गेलं आणि दिवा लुकलुकला. मग मी वीज आवरून धरणारा रेग्युलेटर बदलला. जमिनीवर सगळं छान, वर गेलं की लुकलुक. डॉक्टरसमोर खोकला थांबतो तसा प्रकार. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाणारी जाड तार मी वीत वीत तपासली. तिचे जोड उघडले, घासले, आवळले. स्टार्टरही आळसावला होता, पंखा कण्हत कण्हत फिरायचा. मी म्हटलं, बॅटरी उपाशी आहे, आळसावणारच. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. फक्त दिवा ते ऐकत नव्हता.

रोज सकाळी भाऊ धावपट्टीच्या कडेला काठी घेऊन दिसायचे. मी स्कूटरवरून आत शिरले की लांबून हाक यायची, "बाई, बरं वाटून राह्यलं का तिले?"

"होईल," मी म्हणायची आणि स्कूटर पुढे काढायची. मला त्यांचा राग यायचा. चूक त्यांची आणि वर चौकशीही त्यांचीच, असं वाटायचं. म्हशी मात्र त्यांनी धाकात ठेवल्या होत्या. आधी ज्या धावपट्टीवर रवंथ करत बसायच्या, त्या आता कुंपणापलीकडून सभ्यपणे बघायच्या.

नवव्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "दोन दिवस देतो. नाहीतर बाहेरून माणसं बोलावतो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. सहीचा अधिकार मिळून मला वर्षही झालं नव्हतं.

घुग्घुसच्या रस्त्यावर एका चाचांचं दुकान आहे. ट्रकची वायरिंग, डायनॅमो, अल्टरनेटर, सेल्फ, सगळं ते करतात. आमची विमानं ओढायच्या छोट्या ट्रॅक्टरचं काम एकदा त्यांनी केलं होतं, तेव्हाची ओळख. विमानाचा भाग बाहेरच्या कुणी उघडायचा नाही असा नियम आहे आणि तो मी पाळते. पण काढून ठेवलेला पहिला अल्टरनेटर न उघडता कुणी फिरवून पाहिला तर कुठल्या कागदाचं बिघडणार होतं? विमानात तर तो परत जाणारच नव्हता. तो मी पोत्यात गुंडाळला, स्कूटरवर पायाशी ठेवला आणि निघाले. रस्ताभर कोळशाचे ट्रक, पाळी सुटून घरी निघालेले मोटरसायकलवाले, आणि धूळ. दुकानात पोचले तेव्हा माझा चेहरा बघून चाचांनी आधी पाण्याचा मग पुढे केला.

त्यांनी अल्टरनेटर त्यांच्या बाकावर बसवला, पट्टा चढवला, मोटर चालू केली, वर तीन मोठे बल्ब लावले. तिन्ही झगझगीत पेटले. हलले नाहीत, मंदावले नाहीत. चाचांनी मोटर बंद केली आणि अल्टरनेटरच्या पाठीवर थाप मारली.

"हा त पहलवान हाये, बाई. याले आजारी कोनं म्हटलं?"

"मी," मी म्हटलं.

"बस. चहा घे," ते म्हणाले. "आता सांग. कधीपासून होऊन राह्यलं?"

मी त्यांना मीटरवरचे आकडे सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "आकडे मंग सांग. आधी मले हे सांग, बिमारी कधी लागली?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

चाचांनी कप खाली ठेवला. त्यांच्या मिशांखाली काहीतरी हललं. "दसऱ्याले रंग मारला का?"

मी चहाचा घोट घेतला.

"मारला ना?"

"थोडासा," मी म्हटलं.

चाचा असे हसले की शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला. "बाई, दसरा माह्या घरी नसते, पन माह्या दुकानात सगळ्यात मोठा सन तोच. दसरा झाला का इथी ट्रकची लाईन लागते. डायवर लोकं गाडी धुते, रंगवते, हार घालते, अन् मंग येते, चाचा, लाईट लुकलुकून राह्यला, चाचा, सेल्फ उचलून नाई राह्यला. मी काईच नाई करत. अर्थिंगची पट्टी खोलतो, खालचा रंग खरडतो, पट्टी आवळतो. करंट जाते त वापस बी आली पायजे ना! तुमी तिच्या वापसीच्या रस्त्यावर रंग मारून ठेवता."

मला आधी आमचा ट्रॅक्टर आठवला. दरवर्षी घाम गाळत ढकललेला, सुटी खाऊन सुस्तावलेला आमचा तो बिचारा ट्रॅक्टर. मग मला माझे ते देखणे पाइप आठवले.

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. परीक्षेत मी त्यावर पान भरून उत्तर लिहिलं आहे. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं, म्हणून इंजिनातून विमानाच्या सांगाड्याकडे विजेला परत यायला तारेची विणलेली एक पट्टी लावतात. तिची टोकं उघड्या धातूला चिकटायला हवीत. नऊ दिवस मी वीज जाते ती वाट तपासत होते. ती परत येते त्या वाटेकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, कारण त्या वाटेवर भाऊंचं पाणी पोचण्यासारखं नव्हतं.

"अन् लवकर पाहा," मी स्कूटर चालू करताना चाचा म्हणाले. आता ते हसत नव्हते. "तिचा रस्ता बंद केला त ती दुसऱ्या कोन्या तारेतून घुसते. ते बरं नाई."

परत आले ती तशीच धुळकट हँगरमध्ये गेले. मीटरचं एक टोक इंजिनाला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं. वैमानिकाला आत बसवून इंजिन चालवायला सांगितलं आणि होते नव्हते तेवढे दिवे लावायला सांगितले. मीटरवर जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. दिसला एकाहून जास्त व्होल्टचा आकडा, आणि तोही नाचरा. मी इंजिन बंद करायला लावलं आणि पट्टीचा बोल्ट सोडवला. खाली माझा रंग होता. गुळगुळीत, एकसारखा, कुठे फुगा नाही, कुठे ओघळ नाही. इतका सुरेख रंग मी आयुष्यात पुन्हा मारलेला नाही.

रुपयाच्या नाण्याएवढी जागा खरडून मी धातू उघडा केला, पट्टी बसवली, आवळली. पुन्हा मीटर लावला, आकडा शून्याला चिकटला. पंखा पहिल्या झटक्यात फिरला. दुसऱ्या दिवशी विमान तासभर वर राहिलं, सगळे दिवे लावून, आणि वैमानिक उतरल्यावर म्हणाला की सुई झोपली होती.

आता उरली नोंदवही. मी पेन हातात घेऊन बसले. सैल जोड साफ करून आवळला, असं लिहिलं असतं तर ते पूर्ण खोटंही ठरलं नसतं. कुणी पुढे विचारलं नसतं. मला ते लिहावंसं वाटलं, हेही सांगून टाकते. चांगलंच वाटलं.

तेवढ्यात साहेब आले. खूश होते. "काय निघालं शेवटी?"

"अर्थिंग खराब होतं, सर."

"भाऊच्या पाण्यानेच ना?" ते म्हणाले. प्रश्नसुद्धा नव्हता तो. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"नाही सर," मी म्हटलं. "माझ्या रंगाने. मी दसऱ्याच्या आधी रंग मारला आणि पट्टी त्यावरच बसवली. पाण्याचा काही संबंध नव्हता."

साहेब एक पाऊल मागे सरकले. नारळ लांब नेऊन फोडणारा माणूस तो. दुसऱ्याच्या चुकीपासूनही थोडं अंतर ठेवून उभा राहतो. "लिही मग तसं," ते म्हणाले. "आणि भाऊला कोण सांगणार?"

"मी."

लिहिलं. तारेच्या पट्टीखाली रंग, रंग मारणारी व्यक्ती स्वतः, आणि खाली सही. मग धावपट्टीच्या कडेने चालत निघाले. स्कूटर घेतली नाही. घेतली असती तर लवकर पोचले असते, आणि मला लवकर पोचायचं नव्हतं.

भाऊ टोकाशी पळसाच्या सावलीत उभे होते. मला पायी येताना पाहून त्यांनी काठी खाली केली.

"बरं वाटलं का तिले?"

"बरं वाटलं," मी म्हटलं. "भाऊ, चूक माझी होती. मी मारलेल्या रंगाने बिघडलं होतं. तुमच्या पाण्याने नाही. साहेबांना सांगितलंय. उद्यापासून तुम्ही धुवायला या."

त्यांनी मान हलवली. "मले मालूम होतं, पानी तिथी गेलं नाई म्हून."

"कसं काय?"

"मी मशीनीले पिशवी बांधून धुतो ना. पयल्या दिवसापासून. खाली पानी साचलं ते झेंडूच्या पाकळीनं. पानी निघून जायाले जे भोक हाये, ते पाकळीनं बुजलं होतं."

दहा दिवस. दोन अल्टरनेटर, एक रेग्युलेटर, तारेची वीत न वीत. माझं प्रत्येक बोल्टला विचारून झालं होतं.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं, भाऊ?"

"तुमी इचारलंच नाई, बाई."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी पायाखालच्या गवताकडे बघत राहिले. पलीकडे एक म्हैस कुंपणाला अंग घासत होती.

भाऊंनी खिशात हात घातला आणि चौकोनी घडी घातलेली जाडसर प्लास्टिकची पिशवी काढली, सुतळीसकट. ती त्यांनी झटकून उलगडली, कुठे फाटलीय का ते उजेडात धरून पाहिलं. इतके दिवस ती रोज त्यांच्या खिशात होती. मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली.

"उद्या कायले? आताच पाहून येतो तिले, लय धूळ बसली असन," ते म्हणाले. "तवरीक म्हशीइकडं ध्यान ठेवा. ती शिंग मोडलेली हाये ना, ती लबाड हाये."

आणि ते हँगरकडे निघाले, जवळजवळ पळतच. मी काठी घेऊन तिथे उभी राहिले. शिंग मोडलेली म्हैस कुंपणाच्या फटीतून आत आली आणि माझ्याकडे न बघता धावपट्टीवर जाऊन बसली.